लाकूड वाजतं

दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी सहदेव दहिसरहून टेम्पो घेऊन अंधेरीला निघाला. काम तसं साधंच होतं. एक वस्तू घरी आणायची होती. शेजारी त्याचा जुना सोबती धाकू बसला होता, मागे चाळीतली सहा गडीमाणसं दोर, बांबू आणि दोन जुन्या चादरी घेऊन बसली होती. गिरण्यांचा संप सुरू होऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे रविवार काय आणि सोमवार काय, माणसं कधी बोलवा, मोकळीच असायची.

सहदेव गिरणीत विणकर होता. ऐन उमेदीची सगळी वर्षं मागांच्या खडखडाटात गेली आणि जाताना कान घेऊन गेली. बारीक आवाज त्याला यायचेच नाहीत. जाड, घुमणारे तेवढे यायचे. गिरणीची आणखी एक खूण त्याच्या अंगावर होती. एकदा मागावरचा धोटा उडून डाव्या पायावर आला होता, तेव्हापासून त्या अंगठ्याला नख नव्हतं. संपानंतर घरी बसला तेव्हा नवीनच त्रास सुरू झाला. बाहेर शांत झालं की कानात शिट्टी वाजायची, ती थांबायचीच नाही.

मग अंधेरीत, अंबोलीच्या गावठाणात, मेबल मिसच्या बंगल्यावर त्याला झाडलोटीचं काम मिळालं. मिस पियानो शिकवायची. सहदेव मागच्या पायरीवर भिंतीला टेकून बसायचा. पोरांनी डाव्या हाताचे सूर दाबले की ते भिंतीतून त्याच्या पाठीत उतरायचे, आणि कानातली शिट्टी तेवढा वेळ गप्प व्हायची. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. त्यानं कुणाला सांगितली नाही.

आता मिसच्या भाच्यानं, फिलिपनं, बंगला बिल्डरला दिला होता. मिस वसईला बहिणीकडे निघाली होती. घर रिकामं झालं होतं. हॉलमध्ये पियानो तेवढा उरला होता. नुसता पेटीसारखा नव्हे, मोठा, आडवा पसरलेला, काळा, तीन पायांचा.

"फिलिप बोलतो, तारा काढून भंगारात घाल," मिस म्हणाली. "तू ने, सहदेव. पण हिला मोकळी ठेव हां. हिच्या अंगावर काही लादू नको. जे ऐकते ते ती धरून ठेवते."

सहदेवला निम्मंच ऐकू आलं. त्यानं मान हलवली.

पाय सुटे केले, धड आडवं करून चादरींत गुंडाळलं, सुंभानं आवळलं, खालून बांबू घातले. दहिसरला टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच अडला. तिथून आठ जणांनी बांबू खांद्यावर घेतले.

"सहद्या," धाकू धापा टाकत म्हणाला, "माझ्या बापाला असाच नेला होता रे. पण तो हलका होता!"

"गप चल. दम राख."

"दमच राखत होता तो पण. शेवटी सोडलाच ना."

गडी हसले. पण गल्लीतलं कुणी हसलं नाही. पायरीवर बसलेल्या बाया पदर सावरून उभ्या राहिल्या. न्हाव्याच्या दुकानातला एक म्हातारा टोपी काढून हात जोडून थांबला. पांढऱ्या चादरीत, सुंभानं बांधून, खांद्यावरून येणारी वस्तू पाहून दुसरं कुणाला काय वाटणार?

चाळीत तळमजल्यावर सहदेवची खोली. दारातच त्याची आई, रुक्मिणी, बसली होती. गुडघे गेलेले, त्यामुळे चालणं संपलेलं. दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून मोरीपर्यंत, एवढीच तिची पृथ्वी राहिली होती. तिनं ते येताना पाहिलं आणि तोंडावर हात नेला.

"ह्या काय हाडलंस रे झिला?"

"पियानो गे आये. बाजाची मोठी पेटी."

"तिरडी घराभायर नेतत," म्हातारी म्हणाली. "घरात कोण हाडता?"

सहदेवला ऐकू आलं नाही. बरोबरचे गडी मात्र एकमेकांकडे बघायला लागले.

पाय परत बसवून पियानो उभा केला तेव्हा खोली संपली. अरुंद बाजू मोरीच्या भिंतीला, सुरांच्या पट्ट्या दाराकडे, आणि रुंद पोट थेट खिडकीखाली. लोखंडी खाट शेजारी जानकीकाकूंकडे गेली. भिंतीतलं कपाट उघडेना, म्हणून त्याचं दारच काढून टाकलं. स्टो, पाण्याचं पिंप आणि माणसाला उभं राहायला चिंचोळी पट्टी, एवढं राहिलं.

सहदेवची बायको रत्नप्रभा कमरेवर हात ठेवून बघत होती. "अहो, आणि झोपायचं कुठं?"

"वर. झाकण बंद केलं की खाटेसारखंच. गादी टाकू."

"आणि आईंना?"

खिडकीखालची जागा आईची होती. ती तिथं चटईवर पडून असायची, गजांतून नदीकाठचं शेवग्याचं झाड आणि त्याखालून जाणारी माणसं बघत. आता तिथं काळं लाकूड होतं. सहदेवनं खाली वाकून पाहिलं.

"खाली चिकार जागा आहे."

"म्हातारीला वेगळी खोलीच मिळाली की!" धाकू म्हणाला. "वर छप्पर, खाली तीन खांब. मांडवच घातलास आयेसाठी."

सगळे हसले. म्हातारीसुद्धा लेकाच्या तोंडाकडे बघून थोडी हसली. मग दोघांनी तिला धरून, वाकवून, गोधडीसकट आत सरकवलं.

"बरा आसा," ती आतून म्हणाली. "थंड आसा हय. पण झिला, माका खिडकी दिसणा नाय."

"फाल्यां बघुया गे आये," सहदेव म्हणाला. "उद्या धाकूला बोलवून जरा सरकवतो."

पाट्या-वरवंट्याला जागा नव्हती. रत्नप्रभेनं पाटा पियानोच्या पुढच्या पायाला टेकवून उभा केला. तिथं पायानं दाबायच्या तीन पितळी पट्ट्या होत्या. उजवीकडच्या पट्टीवर तिनं वरवंटा ठेवला. पट्टी खाली दबली, आत कुठंतरी हलकेच खट् होऊन सगळ्या तारा मोकळ्या सुटल्या, आणि त्या क्षणापासून खोलीचा स्वभाव बदलला.

भांडं पडलं की त्याचा आवाज पडून संपेना. पियानोच्या पोटात तो लांब लांब होत जायचा. कुणी हाक मारली की हाक संपल्यावर तिच्या मागे अजून कुणीतरी तीच हाक, शब्दांशिवाय, ओढत न्यायचं. रत्नप्रभा बोलायची कमी झाली. सहदेवला मात्र झाकणावर पडल्यापडल्या ती घुमी पाठीत लागायची, आणि शिट्टी थांबायची. कित्येक महिन्यांनी त्याला गाढ झोप लागली.

म्हातारीनं ते लवकर ओळखलं. आजवर ती हाका मारून थकायची आणि लेकाला ऐकू यायचं नाही. आता तिनं मुठीची दोन पेरं पुढे करून डोक्यावरच्या फळीवर ठोकलं. टक, टक. सगळ्या तारा एकदम घुमल्या आणि वर सहदेव ताडकन उठून बसला.

"काय गे? हयच आसंय."

"पाणी दी," म्हातारी म्हणाली. आणि पाणी पिऊन झाल्यावर, आनंदानं, "आयकलंस मा? तुका आयकाक इला!"

किती वर्षांनी मायलेकांना एकमेकांची भाषा सापडली होती. पहिले दिवस त्या दोघांचे चांगले गेले.

मग अंबोलीला मिसचा बंगला पाडला आणि तिथं उभ्या राहणाऱ्या इमारतीवर सहदेवला रखवालदारी लागली. रात्रपाळीची. आता तो दिवसा झोपायचा, आणि म्हातारी तर दिवसभर जागीच. टक, टक. पाणी हवं. टक, टक. मोरीवर ने. टक, टक. आणि काही नको असलं की, "झिला, माका खिडकीकडे कधी नेतलंस?"

"फाल्यां बघुया, आये."

पुढं "आये" गळलं. "झोप गे गप. फाल्यां बघुया." ते तो डोळे न उघडता म्हणायला लागला. पियानो सरकवायला आठ माणसं लागली असती, आणि सरकवायचा तरी कुठं? आईच्या जागेवर पियानो होता आणि पियानोला दुसरी जागा नव्हती. हे त्याला माहीत होतं. म्हातारीलाही आता कळून चुकलं असावं. तरी ती विचारायची. विचारलं की लेकाचा आवाज ऐकू यायचा, तेवढंच.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी सहदेव वरून उतरला, वाकला, आणि त्यानं पितळी पट्टीवरचा वरवंटा काढून मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. आत खट् झालं. खोलीतली घुमी गळा दाबल्यासारखी थांबली.

"काय केलंत?" रत्नप्रभेनं विचारलं.

"झोप पायजे मला."

तो परत वर चढला. उन्हं पत्र्यावर आली होती. रत्नप्रभा रॉकेलचा डबा घेऊन रेशनच्या रांगेला निघाली. चपला घालताना ती थबकली.

"अहो... आई ठोकतायत काय?"

कानाला काही येत नव्हतं. पण त्याची पाठ लाकडाला टेकलेली होती. खालून, अगदी पुसट, त्याला दोन टिचक्या लागल्या. लागल्या, हे त्याला समजलं.

"नाही गं," तो कूस न बदलता म्हणाला. "लाकूड आहे. हवा पालटली की वाजतं."

ती गेली. जरा वेळानं पुन्हा दोन लागल्या. मग फार वेळानं एकच. मग नाही. सहदेवला झोप लागली.

तिन्हीसांजेला रत्नप्रभा आली, तिनं दिवा लावला, चहाची बशी घेऊन खाली वाकली, आणि बशी तिच्या हातून सुटली.

म्हातारीला बाहेर काढणं सोपं गेलं नाही. गुडघे दुमडलेलेच राहिले होते. धाकू पोटावर सरपटत आत गेला आणि आतून ढकलू लागला, सहदेव बाहेरून ओढू लागला. तिची उजवी मूठ वळलेली होती, दोन पेरं पुढे काढलेली. तशीच तिला नेली.

आता रीत अशी, की माणूस जिथं शेवटचं टेकलं तिथं दिवा ठेवायचा. दिव्याशी तांदळाचं पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची. दिवस झाले की टोपली उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. पाखराचा पाय, मुंगीची वाट, जे असेल तो पुढचा जन्म. जानकीकाकूंनी पीठ आणलं आणि पियानोखाली बोट दाखवलं.

"थंयसरच ठेव रे बाबा. तिची जागा ती."

"लाकूड पेटेल," सहदेव म्हणाला.

"अरे, पण जागा..."

"मोरीकडे ठेवा. पेटलं तर चाळ जाईल."

दिवा मोरीकडे ठेवला. खरं तर तिथं म्हातारीनं आयुष्यात कधी पाठ टेकली नव्हती. काकू पुटपुटत राहिल्या. जागा चुकली की माणसाला वाट मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सहदेवच्या कानात ते शिरलं नाही.

दिवस झाल्यावर टोपली उचलली. पीठ हातानं सारवल्यासारखं गुळगुळीत होतं, आणि मधोमध शेजारी शेजारी दोन खळग्या होत्या.

"गायीचा खूर!" जानकीकाकूंनी हात जोडले. "बघ गो रत्ना, दोन फाळ. गायीच्या जल्माक गेली म्हातारी. पुण्यवान!"

सगळ्यांच्या तोंडावर उजेड आला. धाकूसुद्धा म्हणाला, "सुटली रे, सहद्या." बायांनी पिठाला नमस्कार केला. सहदेव उभ्या जागी स्वतःच्या मुठीकडे बघत होता. त्यानं दोन पेरं जरा पुढे काढली, पिठाकडे पाहिलं आणि मूठ पाठीमागे नेली.

दुसऱ्या दिवशी तो झाकणावर पडला तर पाठीत पुन्हा घुमी. खाली पाहिलं. वरवंटा पितळी पट्टीवर होता.

"तू ठेवलास?"

"मी कशाला ठेवू?" रत्नप्रभा म्हणाली. "आई गेल्यापासून वाटण मी काकूंकडेच वाटते. त्याला हात लावलेला नाही मी."

सहदेवनं तो काढला नाही. काढायला वाकावं लागलं असतं.

ठोकणं मात्र आलं नाही. तो रोज पाठ लाकडाला लावून वाट बघायचा. एवढी गाढ शांतता त्याला गिरणी सुटल्यापासून कधी मिळाली नव्हती, आणि झोप गेली ती गेलीच. एकदा आलं असतं, तर तो उतरला असता. धाकूला बोलावलं असतं, कुऱ्हाड आणून फोडला असता पियानो, खिडकी मोकळी केली असती. हे सगळं तो वर पडल्यापडल्या, हलक्या आवाजात बोलायचा. खालच्या तारा ते घ्यायच्या, जरा वेळ धरायच्या आणि सोडून द्यायच्या.

एका तिन्हीसांजेला रत्नप्रभा नळावर पाण्याला गेली होती. दिवा लावायचा होता. आईची गोधडी अजून खालीच होती. कुणी काढली नव्हती. सहदेव गुडघ्यांवर बसला आणि आत शिरला.

आत खोबरेल तेलाचा वास होता. बामचा, गंजाचा, आणि ज्याला नाव नाही असा एक, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा. बाहेर अजून संधिप्रकाश होता, पण इथं पोचत नव्हता. त्यानं गोधडी ओढली. ती येईना. कशाला अडकली बघावं म्हणून तो आडवा झाला. पाठ टेकली आणि त्याला कळलं, की इथून खिडकीच काय, काही दिसत नाही. वर फळी, बाजूला भिंत, पायाशी बायकोच्या चपला. आई इथं दिवाळीपासून होती.

त्यानं हात वर केला. बोटं फळीवरून फिरली आणि एका ठिकाणी आत गेली. लाकडाला खळगा पडला होता. दोन खळगे, शेजारी शेजारी, गुळगुळीत. पाट्याला असा खळगा पडायला दोन पिढ्यांचं वाटण वाटावं लागतं. म्हातारी इथं चार-पाच महिने होती.

त्यानं मूठ वळून पेरं त्यात टेकवली. आईचा हात चिमणीएवढा होता. हे खळगे तिचे नव्हते. त्याची पेरं त्यात नेमकी, रोजची असल्यासारखी बसली.

टक, टक. त्यानं ठोकलं की हात आपणच हलला, त्याला सांगता आलं नसतं. तारा घुमल्या.

आणि वर गादी करकरली.

"झोप गे गप," वरून आवाज आला. जाड, झोपाळू, कंटाळलेला. "फाल्यां बघुया."

सहदेवला प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू आलं. कान गेल्यापासून इतकं स्वच्छ त्याला काही ऐकू आलं नव्हतं. आवाज त्याचाच होता.

तो बाहेर सरकायला गेला. गुडघे दुमडलेले होते, ते सरळ होईनात. तो ओरडला. त्याच्या तोंडून निघालेलं सगळं वरच्या तारांनी ओढून घेतलं, आणि खोलीत नुसती एक बारीक घुमी उरली.

दार वाजलं. रत्नप्रभेचे ओले पाय आत आले. हंडा खाली ठेवल्याचा आवाज झाला. बटण खट् झालं आणि बाहेरच्या चिंचोळ्या जागेत उजेड पडला.

"अजून पडलाच आहात?" ती वर बघून बोलत होती. "ड्यूटीला जायचं नाही?"

"उठतो गं," वरून उत्तर आलं.

"रत्ना!" सहदेव खालून म्हणाला. "रत्ना, मी हय... हय आसंय गो..."

ती स्टोला पंप मारत होती. त्यानं सगळा जीव मुठीत आणला. टक, टक.

पंप थांबला. तिचे पाय त्याच्याकडे वळले. तिचा आवाज एकदम खाली आला.

"अहो... खालून काही..."

वर कूस बदलल्यासारखी फळी कण्हली.

"लाकूड आहे गं. हवा पालटली की वाजतं."

ती जरा वेळ उभी राहिली. मग पाय परत वळले. स्टो भडकला, चहाचं पाणी चढलं.

मग वरून दोन पाय खाली आले. आधी उजवा, मग डावा. ते सवयीनं स्टुलावर टेकले, तिथून फरशीवर उतरले आणि त्याच्या डोळ्यांसमोर थांबले. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.

तोच अंगठा पुढे झाला. त्यानं पितळी पट्टीवरचा वरवंटा हलकेच बाजूला लोटला. आत खट् झालं, आणि घुमी थांबली.